लिअरचे 100 शिलेदार आणि आपला संशोधन-प्रश्न

मित्रांनो, पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘थीम तर सापडली, आता प्रश्न कसा काढू?’ मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पण आज उदाहरण नाटकातलं घेते.

‘किंग लिअर’मध्ये बदल आणि ऱ्हास आहे. हे झालं विधान, प्रश्न नव्हे. ऱ्हास कशाचा? संहितेत तो दिसतो कुठे?

बघा, लिअर राज्य मुलींना वाटतो आणि स्वतःकडे 100 शिलेदार ठेवतो. थोरली त्यातले 50 कमी करते. मधली म्हणते, 25च आणा. मग 10 तरी कशाला, 5 तरी कशाला, असं करत दोघी ‘एक तरी कशाला’पर्यंत येतात. 100, 50, 25 हे आकडे बघून मला लगेच अर्धायुष्य आठवलं. पण इथेच सावध व्हायचं. किरणोत्सारी अणूचा ऱ्हास कुणाच्या मर्जीवर चालत नाही. इथला प्रत्येक आकडा हा कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. आणि माया मोजून जमीन देण्याची पहिली चूक लिअरचीच. मुली त्याचंच माप त्याला लावतात.

दुसरं, सगळंच घटत नाही. शिलेदार संपल्यावर, वादळात लिअरला पहिल्यांदा बेघर गरिबांची आठवण येते. झोपडीत आधी विदूषकाला जायला सांगतो. सत्ता घटते, जाणीव वाढते. म्हणजे ‘ऱ्हास’ या एका शब्दाखाली आपण दोन चलं कोंबली होती!

आता तुलना. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (1970) गणपतराव बेलवलकरही सगळं मुलांना देऊन बसतात. पण लिअरच्या नाटकात राणी नाही. इथे कावेरी आहे. पत्नी सोबत असल्याने ऱ्हासाचा अर्थ कसा बदलतो? हा झाला प्रश्न. त्याचं उत्तर संहितेतले प्रसंग दाखवून देता येतं, आणि ते चुकूही शकतं.

शेवटी घरचा अभ्यास. आपल्या रत्नागिरीत थिबा पॅलेस आहे. ब्रह्मदेशाचा हा राजा 1885मध्ये राज्य गमावून बसला आणि 1916मध्ये इथेच वारला. लिअर आठवतो ना? पण लिअरने राज्य आपणहून दिलं, थिबाचं इंग्रजांनी हिसकावलं. साम्य सापडलं की लगेच फरक शोधा. बहुतेक वेळा तुमचा प्रश्न तिथेच बसलेला असतो.