अशक्त हृदय आणि रक्तातले लोह

'हार्ट फेल्युअर' हे शब्द ऐकले की घरातली माणसे हबकून जातात. त्याचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदयाचा पंप अशक्त झाला, इतकाच आहे. जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते, दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातले असे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांत कारखान्यांतून निवृत्त झालेले पुष्कळ. हातात तज्ज्ञांची फाइल असते आणि पिशवीत कोणीतरी सुचवलेली 'को-क्यू-टेन'ची महागडी डबी. "रक्तात हे कमी असले की माणूस लवकर जातो म्हणे!"

हे अर्धेच खरे. न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या २३६ रुग्णांत तसे आढळले होते (२००८). पण २०१० साली हजारावर रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत वय आणि आजाराची तीव्रता हिशेबात घेताच तो संबंध उरला नाही. पुढे २०१४ मध्ये ४२० रुग्णांत गोळीचा फायदा दिसला, पण तेवढ्यावर औषधाची गोळी बंद करून ही डबी घेणे म्हणजे शुद्ध वेडेपणा!

लोहाची गोष्ट मात्र निराळी. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. पण हृदयरुग्णाचे हिमोग्लोबिन चांगले असूनही लोह कमी असू शकते. हृदयाच्या स्नायूला शक्ती तयार करायला लोह लागतेच. म्हणून 'फेरिटिन' आणि 'ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन' या दोन तपासण्या करून घ्याव्यात. या आजारात फेरिटिन १०० च्या खाली असेल, तर लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' छापलेले असले तरी ते कमीच समजतात. १०० ते २९९ असेल, तर सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली आहे का, ते पाहतात.

मग लोहाच्या गोळ्या घ्याव्यात का? अमेरिकेतील २२५ रुग्णांच्या २०१७ च्या चाचणीत गोळ्यांनी चालण्याची ताकद वाढली नाही. या आजारात आतडे लोह नीट शोषत नाही. शिरेतून दिलेल्या लोहाने मात्र दम सुधारतो, चालणे वाढते. २००९ च्या मोठ्या चाचणीत रक्तक्षय नसलेल्यांनाही तसाच गुण आला. त्याने आयुष्य नक्की वाढते, असे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. हे इंजेक्शन रुग्णालयातच घ्यावे. आणि लोह कमी का झाले तेही शोधावे. मूळव्याध, जठरातला व्रण यांतून रक्त जात असते आणि रुग्ण सांगत नाही.

जाता जाता पोटॅशियमविषयी. लघवीच्या काही गोळ्यांनी ते घटते, स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिलने वाढते. दोन्हीकडून हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावरही बेतते. बाजारातल्या 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम घातलेले असते. या गोळ्या चालू असतील तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. साधेच मीठ कमी खा, आणि डोस बदलला की एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्या.