डिरेक्टरी सर्व्हरच्या राखीव प्रती : स्वयंचलित मांडणी

एखाद्या संस्थेत ई-मेल, ग्रंथालय आणि परीक्षा विभाग यांसाठी तुम्ही एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरता, तेव्हा पडद्यामागे बहुधा डिरेक्टरी सर्व्हर काम करीत असतो. त्याच्याशी संवाद साधण्याची एलडॅप ही पद्धत १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. त्याच परंपरेतील ओपनएलडॅप हे मुक्त सॉफ्टवेअर आज सर्वत्र वापरले जाते. त्याच्या माहितीसाठ्याची राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, आपोआप कसा निघेल हे येथे पाहू. हा साठा गेला तर एक विभाग नव्हे, सारी संस्थाच दाराबाहेर राहते.

प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. अनेक ठिकाणी दुसरा सर्व्हर पहिल्याचे तंतोतंत अनुकरण करीत असतो, म्हणून वेगळ्या प्रतीची गरज नाही असे मानले जाते. परंतु पहिल्यावर एखादी शाखा चुकून पुसली गेली, तर दुसराही ती काही क्षणांत पुसतो. अनुकरण यंत्राच्या बिघाडापासून वाचवते. माणसाच्या हातून घडलेल्या चुकीपासून नाही.

प्रत काढण्यासाठी स्लॅपकॅट ही आज्ञा आहे. ती सर्व नोंदी एलडिफ या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहून देते. साठा एमडीबी प्रकारचा असेल तर सर्व्हर बंद न करताही ती चालवता येते. मात्र प्रती दोन काढाव्या लागतात : एक नोंदींची, दुसरी सर्व्हरच्या मांडणीची. मांडणीचा साठा शून्य क्रमांकाचा असतो आणि तोच बहुतेकदा विसरला जातो. नोंदीत कोणते रकाने असू शकतात याचे नियम त्यातच असल्यामुळे, तो नसेल तर नोंदींची प्रत हाती असूनही सर्व्हर त्या स्वीकारणार नाही.

रोज रात्री २.३० वाजता हे काम व्हावे यासाठी लिनक्समधील क्रॉन ही व्यवस्था वापरावी. आज्ञा थेट क्रॉनच्या ओळीत न लिहिता वेगळ्या फाइलीत लिहिणे श्रेयस्कर. प्रतीच्या नावात तारीख घालण्यासाठी टक्केचिन्ह लागते आणि क्रॉन त्याचा अर्थ नवी ओळ असा घेतो. मग आज्ञा अर्ध्यावरच तुटते.

खरा धोका मात्र पुढे आहे. स्लॅपकॅटचे उत्पादन बाणाच्या चिन्हाने फाइलीत वळवले असेल, तर आज्ञा अयशस्वी झाली तरी फाइल निर्माण होतेच, फक्त ती रिकामी असते. सोबत चौदा दिवसांपूर्वीच्या प्रती पुसण्याची सोय केलेली असते. पंधरवड्यानंतर काय उरेल याची कल्पना करा : तारीखवार लावलेल्या रिकाम्या फाइली! म्हणून आज्ञा यशस्वी झाली आणि फाइलीचा आकार कालच्या आसपास आहे, याची खात्री पटल्यावरच जुनी प्रत पुसावी. अन्यथा व्यवस्थापकाला ई-मेल जावा. प्रतीत पासवर्डांची सांकेतिक रूपेही असतात. त्यामुळे ती फक्त मूळ प्रशासकालाच वाचता यावी आणि दुसऱ्या यंत्रावर कूटबद्ध करून ठेवावी.

फाइल उघडून पाहताना मराठी नावे दिसली नाहीत तर घाबरू नका. एलडिफमध्ये देवनागरी मजकूर बेस-६४ या संकेतात लिहिला जातो आणि रकान्याच्या नावानंतर एकाऐवजी दोन अपूर्णविराम येतात. नावे सुरक्षित आहेत की नाहीत हे पुनर्स्थापनेतच कळते. त्यासाठी महिन्यातून एकदा वेगळ्या चाचणी यंत्रावर सर्व्हर बंद ठेवून, रिकाम्या साठ्यात स्लॅपॲड या आज्ञेने आधी मांडणी आणि मग नोंदी भराव्यात. भरलेल्या फाइलींची मालकी सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याच्याकडे द्यावी, कारण ती प्रशासकाकडे राहिली तर सर्व्हर सुरूच होत नाही. त्यानंतर मराठीत नाव नोंदवलेल्या एखाद्या चाचणी-सदस्याच्या पासवर्डाने प्रवेश करून पाहावा.