जयपुरातला निरोप

जयपुरात तिसऱ्या दिवशी ‘तीये की बैठक’ असते. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, तासाभरात सगळे आपापल्या घरी. आपलं सावडणंही बहुधा तिसऱ्याच दिवशी, त्यामुळे तिथल्या मराठी घरांचं छान जुळतं. अस्थींना तिकडे ‘फूल’ म्हणतात.

लाकूड की गोकाष्ठ, म्हणजे शेणाचे ओंडके, हे घरातून निघण्याआधीच ठरवा. तिरडीपाशी भाऊबंदांची खलबतं नकोत. देहदान करायचं तर सवाई मानसिंग मेडिकल कॉलेज. मृत्यूची नोंद २१ दिवसांत. अस्थी हरिद्वारला न्यायच्या असतील तर रोडवेजकडे ‘मोक्ष कलश’ योजनेची चौकशी करा: २०२० मध्ये ती सुरू झाली तेव्हा कलशासोबत दोघांचा प्रवास मोफत होता.

स्मारकाचं म्हणाल, तर राजांच्या छत्र्या नाहरगडाच्या पायथ्याशी, गैटोरला. सवाई जयसिंगांची संगमरवरी छत्री तिथेच. त्यांचा मुलगा ईश्वरीसिंग मात्र तिथे नाही. १७५० मध्ये मल्हारराव होळकरांची फौज चालून येताच त्यानं जीव दिला. त्याची छत्री सिटी पॅलेसमागे, जयनिवास बागेत. मराठी पाहुण्याला गाइड हे जरा सांभाळूनच सांगतो.