पाण्याचे वाटेकरी

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या पांझरा, मोसम, आरम ह्या नद्या धुळे व नाशिक जिल्ह्यांतून वाहतात आणि कोणी थेट, तर कोणी गिरणेच्या वाटेने, अखेरीस तापीला मिळतात. आषाढ-श्रावणात त्या दुथडी भरून वाहतात खऱ्या. पण हा मुलूख बेताच्या पावसाचा. दिवाळी उलटली की पात्र आकसू लागते आणि उन्हाळ्यात वाळूत ठिकठिकाणी डबकी तेवढी उरतात. अशा नद्यांच्या काठी तीनशे-चारशे वर्षे ऊस व गहू पिकत आला. ही किमया कोणा राजाच्या खजिन्याने झाली नाही. बंधारे बांधण्यास कोठे कोठे राज्यकर्त्यांचे साहाय्य झालेही असेल. परंतु पिढ्यानपिढ्या ते पाणी पुरविले आणि पुरवून वापरले ते गावकऱ्यांनी. त्यांच्या ह्या व्यवस्थेस 'फड पद्धत' म्हणतात.

नदीच्या पात्रात जेथे खडक उघडा असेल, अशा जागी दगडचुन्याचा बंधारा घालीत. बंधारा उंच नसे. नदी अडवून धरावी हा त्याचा हेतूच नव्हता. पाण्याची पातळी थोडी वर उचलावी आणि ते काठावरील पाटात वळवावे, एवढेच त्याचे काम. उरलेले पाणी बंधाऱ्यावरून ओसंडून पुढे जाई आणि काही अंतरावरील दुसऱ्या बंधाऱ्यास मिळे. एकाच नदीवर असे अनेक बंधारे, म्हणजे वरच्या गावाची तहान भागली की खालच्या गावाची पाळी. पाटातून चाऱ्या निघत आणि चाऱ्यांतून शेतांना पाणी मिळे. शेतांत जास्त झालेले पाणी सांडमांवाटे पुन्हा नदीकडे परते.

ही झाली बांधकामाची गोष्ट. दगड व चुना कोणासही मिळतो. खरी कसोटी त्यापुढे लागते. कारण पाणी थोडे आणि हात पुष्कळ, असा प्रसंग आला की सख्खे भाऊही बांधावर कुदळ घेऊन उभे राहतात.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडीत. अशा प्रत्येक भागास फड म्हणत. एका फडात अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी असत. पण संपूर्ण फडात पीक मात्र एकच. समजा, एका गावाचे चार फड आहेत. पाणी चांगले असेल त्या वर्षी एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक आणि चौथा फड विसाव्यास. पुढील वर्षी ही पिके फिरती राहत. त्यामुळे जमिनीचा कस टिके आणि सतत पाणी पिऊन ती चिबड होत नसे. कोणत्या फडात काय पेरावे, हे कोणी एकटा शेतकरी ठरवीत नसे. ते पंच व शेतकरी एकत्र बसून ठरवीत.

आता एखाद्यास वाटेल, विसाव्याच्या फडात ज्याची जमीन, त्याने त्या वर्षी खावे काय? ह्याचे उत्तर त्या व्यवस्थेतच होते. बहुतेक शेतकऱ्यांच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. एक फड पडीक राहिला तरी दुसऱ्यात त्याचे पीक उभे असे. अवर्षण पडले, तर चारांऐवजी दोनच फड भिजवावयाचे, अगदीच हाल असतील तर एकच, असा निर्णय होई. सगळ्यांचेच उत्पन्न कमी होई. परंतु एकाचे शेत हिरवे आणि शेजाऱ्याचे करपलेले, असे दृश्य सहसा दिसत नसे. टंचाई टाळता येत नव्हती, ती वाटून घेता येत होती.

एका फडात एकच पीक असण्याचे लाभ आणखीही होते. सगळ्या पिकास एकाच वेळी पाणी हवे असते, म्हणून पाळी आली की फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग पाणी देता येई. एका शेतातून झिरपलेले पाणी शेजारच्या शेतास उपकारकच ठरे. राखणही सोपी होई.

हा सारा गाडा चालविण्यास गावाने माणसे नेमलेली असत. पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने चारीचे तोंड फोडावयाचे नाही, हा दंडक होता. शेत भिजले की नाही, हे पाटकरी पाही आणि मग पाणी पुढच्या शेताकडे वळवी. रात्रीबेरात्रीही त्याची फेरी चाले. पिकांत गुरे शिरू नयेत म्हणून जागल्या राखण करी आणि ह्या सर्वांवर देखरेख करण्यास हवालदार असे. सुगीच्या वेळी ह्या माणसांना पिकातून वाटा मिळे. म्हणजे पीक साधले तरच त्यांची कणगी भरे. पावसाळ्यापूर्वी पाटातील गाळ काढावयाचा असे, तेव्हा पाणी घेणारे सगळे कामास लागत. नियम मोडणाऱ्यास पंच दंड करीत.

एवढ्या सुरेख व्यवस्थेतही एक उणीव होती, आणि ती लहान नव्हे. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याची जमीन अधिक, त्यास पाणी अधिक. ज्याची जमीन फडात नाही, त्यास शेतीच्या पाण्यात वाटाच नाही. गावात तोही राहत होता आणि घामही गाळीत होता, परंतु पाट त्याच्या दारावरून नुसता वाहत जाई.

पुढे फडांचीही पडझड झाली. नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली आणि खाली येणारा प्रवाह क्षीण झाला. विहिरींवर इंजिने व विजेचे पंप बसले. ज्याच्या विहिरीस पाणी, त्यास पाळीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मग पाटातील गाळ काढण्यास तरी तो कशाला येईल? काही ठिकाणी फड अद्याप चालू आहेत, पण पूर्वीचा विस्तार राहिला नाही.

फड पद्धतीतील ती उणीव पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात एका प्रयोगाने भरून काढली. 1972 साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्या वेळी पुण्याचे अभियंता व उद्योजक विलासराव साळुंखे ह्यांनी हा तालुका पाहिला आणि दुष्काळाचे मूळ केवळ आभाळात नाही, अशी त्यांची खात्री झाली. नायगाव येथे देवस्थानची सुमारे 40 एकर उजाड, उताराची जमीन त्यांनी खंडाने घेतली. उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, विहीर खोदली आणि पडलेला पाऊस जागच्या जागी मुरविला. ज्या माळावर कुसळे उगवत, तेथे धान्य, भाजी व फळझाडे आली.

ह्यातूनच पाणी पंचायतीची कल्पना निघाली. तिचे नियम वरवर साधे दिसतात, पण त्यांनी जुनी रीत पार उलटी केली. पाणी जमिनीच्या मानाने द्यावयाचे नाही, घरातील माणसांच्या मानाने द्यावयाचे. माणशी अर्ध्या एकरास पाणी आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही, मग त्याची जमीन वीस एकर का असेना. ज्यांना जमीनच नाही, त्यांचाही पाण्यावर हक्क मानला गेला. शेत विकले तरी पाणी विकता येणार नाही. ते पंचायतीकडे परत येईल. उसासारखे पीक घ्यावयाचे नाही, कारण एका उसाच्या शेताचे पाणी इतर पिकांच्या अनेक शेतांना पुरते. शिवाय योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभारावयाचा. गरिबाकडून पैसे कशास घ्यावे, असे कोणास वाटेल. परंतु फुकट मिळालेल्या पंपाच्या दुरुस्तीची काळजी कोणी वाहत नाही, हा अनुभव सर्वत्रच येतो.

मोठ्या बागायतदारांस हे नियम रुचणे कठीणच होते. सगळ्या महाराष्ट्राने ते उचलले नाहीत. उसाचे क्षेत्र तर वाढतच गेले. तथापि पुरंदरच्या परिसरात अनेक वाड्यावस्त्यांनी एकत्र येऊन उपसा योजना केल्या. पोटासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेली काही कुटुंबे गावी परतली. साळुंखे 2002 साली निवर्तले.

भूगर्भातील पाण्याची वाटणी ह्याहूनही अवघड. ते डोळ्यांना दिसत नाही. कोणी किती उपसले, हे शेजाऱ्यासही कळत नाही. पूर्वी अहमदनगर व आता अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील हिवरे बाजार ह्या गावाने त्यावर तोडगा काढला. 1989 साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. डोंगरउतारावर समपातळी चर खणले गेले, झाडे तोडणे व मोकाट गुरे चारणे बंद झाले आणि शेतीसाठी कूपनलिका खोदण्यास गावाने मनाई केली. पावसाळा संपला की तेथील ग्रामसभेपुढे पाण्याचा हिशेब मांडतात. पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी कोठवर आहे, हे सांगितले जाते. प्रथम माणसांचे व गुरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात. राहिलेल्या पाण्यावर कोणती पिके निभतील, हे ठरते. आणि पाऊस थोडा झालेला असेल, तर पाणी अधिक मागणाऱ्या पिकांचे बियाणे त्या वर्षी घरातच राहते.