वकिलाचा नवा मदतनीस

एखाद्या जुन्या वकिलाच्या कचेरीत पाऊल टाकले, की प्रथम नजरेत भरतात ती भिंतीला टेकून उभी असलेली कपाटे व त्यांत ओळीने मांडलेले जाडजूड ग्रंथ. सर्वांची बांधणी सारखी, पाठीवर सोनेरी अक्षरे आणि इसवी सनाचा आकडा. एवढे ग्रंथ वकिलाला कशाला लागतात, असा प्रश्न पाहणाराच्या मनात सहज येतो.

या ग्रंथांत न्यायालयांचे निवाडे छापलेले असतात. कायद्याचे शब्द मोजके असतात; माणसांचे तंटे मात्र हजार प्रकारचे. आपल्या जागेत दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून प्रत्येकाने वाजवी काळजी घ्यावी, असे कायदा म्हणतो. पण विहिरीला कठडा नव्हता आणि अंधारात कोणी आत पडला, तर वाजवी काळजी घेतली होती असे म्हणावे काय? असाच प्रश्न पूर्वी एखाद्या वरिष्ठ न्यायालयापुढे आला असेल, तर तेथे काय ठरले व कोणत्या कारणाने ठरले, हे खालच्या न्यायालयाला पाहावे लागते. अशा जुन्या निवाड्याला पूर्वनिर्णय म्हणतात. सारख्या तंट्यांना सारखा न्याय मिळावा, हा त्यामागील हेतू आहे. आपल्याकडे नागपूरची 'ऑल इंडिया रिपोर्टर' ही ग्रंथमाला १९१४ सालापासून असे निवाडे प्रसिद्ध करीत आली आहे.

योग्य पूर्वनिर्णय हुडकून काढणे हे वकिलाच्या व्यवसायातील मोठ्या कष्टाचे काम. त्यासाठी कनिष्ठ वकील रात्र रात्र ग्रंथ चाळीत बसत. पुढे हे निवाडे संगणकात साठविले जाऊ लागले आणि शोधणे सोपे झाले. परंतु वाचणे, समजून घेणे व निवडणे हे माणसालाच करावे लागे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता नावाचा नवा मदतनीस वकिलाच्या कचेरीत आला आहे. हे यंत्र शेकडो पानांच्या कागदपत्रांचा गोषवारा काढते, कराराचा मसुदा तयार करते, एका भाषेतील मजकूर दुसऱ्या भाषेत उतरविते आणि प्रश्न विचारताच क्षणात उत्तर लिहून देते.

हे यंत्र लिहिते तरी कसे? गुरुजींनी फळ्यावर 'सूर्य पूर्वेला' एवढेच शब्द लिहिले, तर पुढचा शब्द 'उगवतो' हा असणार, हे तुम्ही लगेच सांगाल. कारण ते वाक्य तुम्ही अनेकदा ऐकले आहे. यंत्रालाही असाच अफाट मजकूर पुरविलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्यावरून ते शिकते आणि शब्दाला शब्द जोडीत जाते. म्हणूनच त्याची भाषा सफाईदार असते. पण सफाईदार वाक्य आणि खरे वाक्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठाऊक नसलेल्या ठिकाणीही यंत्र खऱ्यासारखे दिसणारे उत्तर रचते. असे उत्तर न्यायालयात गेले तर काय होते, हे अमेरिकेतील एका खटल्यावरून कळून येईल.

ऑगस्ट २०१९ मध्ये एक प्रवासी एल साल्वाडोर देशातून विमानाने न्यूयॉर्कला चालला होता. वाटेत खाद्यपदार्थ वाढण्याची धातूची ढकलगाडी गुडघ्यावर आदळून आपल्याला दुखापत झाली, अशी त्याची तक्रार होती. त्याने एव्हियांका या विमान कंपनीवर दावा लावला. दाव्याची मुदत टळून गेली आहे, असे कंपनीने म्हटले. तेव्हा प्रवाशाच्या वकिलांनी मार्च २०२३ मध्ये उत्तरादाखल लेखी युक्तिवाद सादर केला व त्यात अनेक पूर्वनिर्णयांचे दाखले दिले.

कंपनीच्या वकिलांनी ते निवाडे शोधले. पण त्यांतील काही कोठेच सापडेनात. न्यायालयाने त्यांच्या प्रती मागविल्या. प्रवाशाच्या वकिलांनी प्रतीही आणून दिल्या! अखेर उलगडा झाला, की त्यांतील सहा निवाडे मुळी कोणत्याही न्यायालयाने दिलेलेच नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ वकिली केलेल्या एका गृहस्थाने चॅटजीपीटी या यंत्राला पूर्वनिर्णय विचारले होते. यंत्राने पक्षकारांची नावे, न्यायाधीशांची नावे व तारखा यांसह ते रचून दिले. एक निवाडा खरा आहे ना, असे त्याने यंत्रालाच विचारले, तेव्हा यंत्राने होकार दिला. ज्या साक्षीदाराविषयी शंका, त्यालाच त्याच्या खरेपणाचा दाखला मागण्यासारखे हे झाले. ज्या दुसऱ्या वकिलाची त्या कागदावर सही होती, त्यानेही एकही निवाडा स्वतः उघडून पाहिला नव्हता.

२२ जून २०२३ रोजी न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी त्या दोघा वकिलांना व त्यांच्या कचेरीला मिळून पाच हजार डॉलर दंड केला. शिवाय ज्या खऱ्या न्यायाधीशांच्या नावावर ते खोटे निवाडे घातले गेले होते, त्या प्रत्येकाला व आपल्या अशिलाला पत्राने घडला प्रकार कळविण्याची आज्ञा केली. प्रवाशाचा दावाही मुदतीबाहेरचा म्हणून त्याच दिवशी फेटाळला गेला.

न्यायाधीशांनी यंत्राला मात्र दोष दिला नाही. विश्वसनीय यंत्राचे साहाय्य घेण्यात मुळात काही गैर नाही. परंतु न्यायालयापुढे ठेवलेला मजकूर बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचे कर्तव्य वकिलाचेच आहे, असे त्यांनी निकालात सांगितले.

यंत्राचा विवेकाने उपयोग केल्यास लोकांचे किती हित होते, हे आपल्या देशातही दिसते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात. ज्याच्या शेताचा किंवा घराचा निकाल लागला, त्यालाच तो वाचता येत नाही, असे अनेकदा घडते. नोव्हेंबर २०१९ मध्ये या न्यायालयाने 'सुवास' नावाची अनुवादप्रणाली सुरू केली. तिच्या साहाय्याने निकाल मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरविले जातात. मात्र यंत्राचा अनुवाद जाणकार माणसे तपासतात आणि कायद्याच्या दृष्टीने प्रमाण धरला जातो तो मूळ इंग्रजी निकालच. केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या अधिकारातील जिल्हा न्यायालयांसाठी नियम घालून दिले. साहाय्यासाठी मान्य केलेली साधने वापरावीत, परंतु निर्णय यंत्राकडून घेऊ नये, असे त्यांत बजावले आहे.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. यंत्र चुकले, तर त्याला दंड करता येत नाही, त्याची सनद काढून घेता येत नाही आणि त्याला लाजही वाटत नाही. ज्याची जमीन, ज्याची नोकरी किंवा ज्याचे स्वातंत्र्य खटल्यात पणाला लागलेले असते, तो अशील विश्वास टाकतो तो वकिलावर. म्हणून मसुदा कोणीही लिहो, कनिष्ठ वकील लिहो, कारकून लिहो वा यंत्र लिहो. त्याखाली सही करण्यापूर्वी वकिलाने कपाटातला तो ग्रंथ उघडून निवाडा स्वतः वाचला पाहिजे.