सहा फुटी सारस अन् बोटाच्या पेराएवढं मॉस : दोघांचंही पाण्यावाचून अडतं

गोंदिया : धानाच्या बांधीत जोडीनं फिरणारा सारस कोणाच्याही नजरेत भरतो. त्याच बांधीच्या ओल्या धुऱ्यावर, विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखं हिरवं काहीतरी पसरलेलं असतं, तिकडं मात्र कोणी बघत नाही. आपण त्यालाही शेवाळच म्हणतो. पण बोडीत तरंगणारं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि हे वेगळं. हे मॉस. त्यातलं 'फ्युनारिया' शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, घरातल्या पोरांना विचारा.

उडणाऱ्या पक्ष्यांत सारस जगात सर्वात उंच, जवळपास सहा फूट. फ्युनारिया जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. त्याला खरी मुळंच नाहीत. माती धरायला बारीक तंतू असतात आणि पाणी अंगानंच शोषलं जातं. ते धानाचं काही खात नाही, स्वतःचं अन्न उन्हात स्वतःच तयार करतं.

तरी दोघांची नड एकच. सारस उथळ पाण्यात गवत-काडीकचऱ्याचा ढीग रचून घरटं करतो. भोवती पाणी असलं की कुत्री-कोल्हे सहजासहजी अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. मॉसची गोष्ट आणखी गमतीची : त्याची नरपेशी चक्क पोहत मादीपेशीकडं जाते. पाण्याचा पातळ थर नसला तर पुढची पिढीच नाही! म्हणून पावसाळा दोघांचाही हंगाम.

फरक पडतो तो संकटात. मॉसचे असंख्य बीजाणू वाऱ्यावर उडतात, ओल मिळेल तिथं रुजतात. जळालेल्या जमिनीवरही फ्युनारिया लवकर येतं. सारसाची अंडी मात्र बहुतेक दोनच. नर-मादी पाळीपाळीनं महिनाभर उबवतात. तेवढ्यात बांधीतलं पाणी सोडलं किंवा घरटं विस्कटलं, तर त्या जोडीचा हंगाम बहुधा वायाच.

अन् जिल्ह्यात सारस उरलेत पन्नासच्या आत. विजेच्या तारांना धडकून, शॉक लागून काही मेले. फवारणीचं विषही दाण्या-किड्यांतून त्यांच्या पोटात जातं. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली होती.

बांधीत घरटं दिसलं तर फोटोसाठी जवळ जाऊ नका. घरट्याभोवतीचं पाणी अन् थोडं धान पिल्लं बाहेर पडेपर्यंत राहू द्या, तेवढ्या भागात फवारणी टाळा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.