आभार मानण्याचं मोजमाप

अमेरिकेतल्या काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा आठवडे, दर आठवड्याला एक कागद भरून द्यायचा होता. एका गटाने गेल्या आठवड्यात ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने पाच कटकटी, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या पाच घटना. पहिल्या गटाच्या कागदांवर आईवडील आले, मित्रांचा दिलदारपणा आला, देवाने दिलेली जिद्द आली. सकाळी जाग आली हेही कुणाला नोंदवावंसं वाटलं. एकाने तर ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक बँडचेच आभार मानले. दुसऱ्या गटात गाडी लावायला जागा नाही, पैसे भराभर संपतात, स्वयंपाकघरात पसारा आहे आणि कुणी आवरत नाही, असा पाढा. त्यात एक तक्रार अशी, की मित्राचं काम केलं आणि त्याला त्याची किंमतच नाही. आपले आभार कुणी मानले नाहीत, हीसुद्धा कटकटच!

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा हा प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला आणि कृतज्ञता हा विषय प्रवचनातून प्रयोगशाळेत आला. कृतज्ञ गटाला आपलं आयुष्य एकंदरीत बरं चाललंय असं वाटत होतं, पुढच्या आठवड्याबद्दल ते जास्त आशावादी होते, अंगदुखी-डोकेदुखीच्या तक्रारीही कमी होत्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते आठवड्याला जवळपास दीड तास जास्त व्यायाम करत होते. हा दीड तास पुढे जगभरच्या प्रेरणादायी भाषणांत फिरला. त्याच शोधनिबंधातल्या दुसऱ्या प्रयोगात मात्र व्यायामावर असा परिणाम दिसला नव्हता. ते सांगण्याचे कष्ट फारसे कुणी घेतले नाहीत. मला तिसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यात मज्जातंतू आणि स्नायूंच्या दुखण्याने बेजार झालेले ६५ जण होते. त्यांच्यातल्या काहींनी २१ दिवस रोज कृतज्ञतेच्या नोंदी केल्या. त्यांची झोप वाढली आणि त्यांच्यातलं समाधान घरच्या माणसांच्याही नजरेला आलं.

असं का होत असावं? चांगली गोष्ट आपल्या फार लवकर अंगवळणी पडते. नवं घर, बरा झालेला गुडघा, समजूतदार जोडीदार, सगळं काही दिवसांत गृहीत धरलं जातं. २००८ मध्ये मिंक्युंग कू, टिमोथी विल्सन, डॅनिएल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी यावर एक गमतीदार तोड तपासली. जोडप्यांतल्या काहींना ‘तुमची भेट कशी झाली’ ते लिहायला सांगितलं, काहींना ‘ही भेट कशी हुकली असती’ ते. संसाराबद्दल जास्त समाधान दुसऱ्या गटाला वाटलं. हातची गोष्ट मनातल्या मनात वजा करून पाहिली, की तिचं नवेपण परत येतं. सवयीचा हाच नियम कृतज्ञतेच्या नोंदी करायच्या वहीलाही लागू पडतो. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज रोज तेच लिहिलं की त्याचीही हजेरी लावल्यासारखी गत होते.

वहीपेक्षा पत्राचा परिणाम जोरकस असतो. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये काही लोकांना एक काम दिलं. ज्या माणसाने आपलं भलं केलं, पण ज्याचे धड आभार कधी मानले नाहीत, त्याला पत्र लिहायचं आणि आठवडाभरात स्वतः जाऊन द्यायचं. तपासलेल्या सगळ्या उपायांमध्ये आनंदात सर्वांत मोठी उसळी याच उपायाने दिली. ती महिनाभर टिकली, तीन महिन्यांनी ओसरली. उलट, रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या याची कारणं आठवडाभर लिहिणाऱ्यांमध्ये परिणाम हळूहळू वाढला आणि सहा महिन्यांनीही दिसत होता. यातलं ‘का’ महत्त्वाचं. कारण शोधायला गेलं की बहुतेक वेळा कुणीतरी माणूस सापडतो.

मग पत्र लिहायला आपण का कचरतो? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये पत्र लिहिणाऱ्यांचे अंदाज आणि पत्र मिळालेल्यांची प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहिली. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. तसं फारसं झालं नाही, आणि आनंद मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त झाला. लिहिणारे नेमके शब्द सापडतील का या विवंचनेत असतात. वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा पोचतो.

आपल्यासाठी एक निष्कर्ष जास्त विचार करायला लावणारा आहे. ल्युडमिला टिटोवा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गोरे अमेरिकन आणि भारतीय अशा दोघांकडून कृतज्ञतेचा सराव करून घेतला. भारतीयांच्या मनात कृतज्ञतेबरोबर खिन्नता आणि अपराधी भावनाही उमटली. आईने आपल्यासाठी काय काय सोसलं हे लिहायला बसलं की ‘मी तिच्यासाठी काय केलं?’ हा प्रश्न आपोआप येतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. फिलिप वॉटकिन्स यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं, की देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी उघड, तितकं घेणाऱ्याच्या मनात ऋणाचं ओझं वाढतं आणि कृतज्ञता घटते. ‘तुझ्यासाठी एवढं केलं’ असं मुलांना उठता-बसता ऐकवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणि ज्यांना कृतज्ञता हे नैराश्यावरचं औषध वाटतं, त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चिव्हन्स यांचा आढावा पाहावा. २७ अभ्यास आणि ३,६७५ माणसं एकत्र तपासल्यावर नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर या सरावाचा परिणाम किरकोळच निघाला. बऱ्या मनाला याने आणखी बरं वाटेल, नाती सुधारतील, आणि तेवढ्यासाठी तो जरूर करावा. पण कित्येक दिवस झोप उडालेल्या, कशातच रस न उरलेल्या माणसाला ‘तुझ्याकडे किती आहे ते बघ’ असं सुनावू नये. त्याची अपराधी भावना वाढेल एवढंच. त्याला डॉक्टरकडे न्यावं, किंवा केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.